गुलमर्ग : आधी गर्दी, मग बर्फ

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५ : नागपूर ते श्रीनगर

निघायच्या काही दिवस आधी बातमी आली. गुलमर्गला २२ ते २५ फेब्रुवारीला व्हायच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलल्या, उतारांवर पुरेसा बर्फ नाही म्हणून. आमची विमानाची तिकिटं डिसेंबरातच काढून झालेली. जाऊबाईंचा लगेच फोन आला, "काय करायचं गं आता? तिथं बर्फच नाही म्हणून राहिले न सगळे." भाऊजींचं मत, थोडे पैसे गेले तरी चालतील, पण तारखा बदलाव्यात. माझी मुलगी मात्र रोज हवामान खात्याचे नकाशे उघडून बसायची. तिचं म्हणणं असं, की २५ तारखेपासून मोठा पश्चिमी विक्षोभ काश्मीरवर येतोय आणि आपलं परतीचं तिकीट २ मार्चचं आहे, तेव्हा बर्फ पडायचा असेल तर आपण तिथं असतानाच पडेल. तिच्या भरवशावर निघालो.

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे विक्षोभ चांगले ठाऊक असतात. भूमध्य समुद्राच्या बाजूनं इराण, अफगाणिस्तान ओलांडत हे कमी दाबाचे पट्टे येतात आणि हिवाळ्यात हिमालयाला धडकतात. त्यांच्यातलं बाष्प पीर पंजालच्या डोंगरांवर बर्फ होऊन पडतं. त्यांचा प्रभाव मध्य भारतापर्यंत पोचला आणि बंगालच्या उपसागरावरची ओल त्याला येऊन मिळाली, की काटोल-नरखेडकडे ऐन फेब्रुवारीत गारा पडतात आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं झडतात. यंदाच्या हिवाळ्यात काश्मीरला जोरकस विक्षोभ फारच कमी मिळाले होते.

सोनेगावच्या विमानतळावर पोचलो तेव्हा उन्हानं अंग तापलं होतं आणि हातात स्वेटरांची पिशवी होती. संध्याकाळी श्रीनगरला उतरलो. घ्यायला आलेले ड्रायव्हर पन्नाशीचे, फेरन म्हणजे काश्मिरी ढगळ झगा घातलेले. गाडीत बसल्यावर सगळ्यात आधी त्यांनी पाण्याचा विषय काढला. अनंतनागकडच्या अचबलच्या मुघल बागेतला झरा या महिन्यात आटला, झेलमही खाली गेली. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलां, इथली सगळ्यात कडक थंडी. त्या दिवसांत पडलेला बर्फ गोठून टिकतो आणि तोच पुढे उन्हाळाभर नद्यांना आणि सफरचंदाच्या बागांना पुरतो. फेब्रुवारीत पडलेला बर्फ लवकर वितळून जातो. "टूरिस्ट तो फोटो लेके जाता है, हमको तो साल निकालना है," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. पुढचे सगळे दिवस ते वाक्य माझ्या मनात राहिलं.

रविवार, २३ फेब्रुवारी : श्रीनगर ते गुलमर्ग

श्रीनगर ते गुलमर्ग जेमतेम पन्नास किलोमीटर. सपाटीचा रस्ता टंगमर्गला संपतो आणि तिथून तेरा किलोमीटर वळणावळणाची चढण लागते. टंगमर्गला प्रत्येक गाडी थांबते, कारण गमबूट आणि जाड कोट भाड्यानं इथंच मिळतात. बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच उतरलेला आरिफ खान याच परिसरातला. जायंट स्लॅलम या स्कीच्या शर्यतीत तो ४५वा आला. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नाही. इथं मात्र बूट देणाऱ्या दुकानदारानं ती न विचारता सांगितली आणि सांगताना त्याचा हात थांबला.

रस्ता कोरडा होता. चाकांना साखळ्या लावायची गरजच नव्हती, त्यामुळे श्रीनगरच्या सगळ्या गाड्या थेट वर चढत होत्या. त्यात रविवार. गुलमर्गचं ते मोठं बशीच्या आकाराचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथं पोचलो तर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळची नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ आठवावी इतकी माणसं. काही दिवसांपूर्वी पडलेल्या बर्फाचा पातळ थर सावलीच्या बाजूला शिल्लक होता. उन्हाच्या बाजूला पिवळं गवत उघडं पडलेलं, आणि जिथं माणसं, घोडे, स्लेज सगळे एकत्र येत तिथं नुसता राखाडी चिखल. जाऊबाई गाडीतून उतरल्या आणि काही बोलल्याच नाहीत.

स्लेज ओढणारी मंडळी दहा-दहाच्या घोळक्यानं येतात. नवख्या माणसाला त्याचा त्रास वाटतो, मलाही पहिली पाच मिनिटं वाटला. पण चिखलातून लाकडी स्लेज ओढणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी पाहिलं. बर्फावर ती आपोआप सरकते, इथं एका माणसाला पुढून ओढायला आणि दुसऱ्याला मागून ढकलायला लागत होतं, आणि पैसे एकालाच मिळत होते. आम्ही स्लेजवर बसलो नाही. एका वयस्कर भाईंना सोबत घेऊन पायी पठार फिरलो आणि स्लेजचे ठरतील तेवढे पैसे दिले. त्यांनी सेंट मेरी चर्च दाखवलं, बर्फाखाली असतं ते गोल्फचं मैदान दाखवलं, आणि जानेवारीत एरवी बर्फ कुठपर्यंत असतो ते एका कुंपणाच्या खांबावर हात ठेवून सांगितलं. तो हात माझ्या खांद्याच्या वर होता.

रात्री हॉटेलच्या खालच्या खोलीत बुखारीभोवती, म्हणजे लाकडाच्या शेगडीभोवती, सगळे पाहुणे मॅच बघायला जमले. दुबईत भारतानं पाकिस्तानला हरवलं, कोहलीचं शतक झालं. स्वयंपाकघरातली पोरंही दारात उभी राहून बघत होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी : कोंगडोरी

गोंडोलाची, म्हणजे इथल्या रोपवेची, तिकिटं ऑनलाइनच आणि आधीच काढावी लागतात. ती मुलीनं नागपूरहूनच काढून ठेवली होती. तरीही रांग होतीच. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, १९९८ साली सुरू झालेला. दुसरा टप्पा २००५चा, तो अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटरवर नेतो. एका डब्यात सहा माणसं बसतात आणि पहिल्या टप्प्याची क्षमता तासाला सुमारे सहाशे माणसांची आहे. खाली बर्फ नसला की पठारावर आलेल्या प्रत्येकाला वर जायचं असतं, म्हणजे बर्फ जितका कमी तितकी ही रांग लांब. मागून रेटा, मधेच कुणाचा तरी ओळखीचा माणूस घुसतो, लहान मुलं कंटाळून रडतात. भाऊजी शांतपणे उभे होते, पण त्यांच्या तोंडूनही "अरे बाप्पा, हे काय करून राहिले हे लोक" निघालंच.

कोंगडोरीला साधारण ३०८० मीटर उंची. इथं पांढरं होतं, मनासारखं नसलं तरी. आम्ही स्कीचा शिक्षक ठरवला होता, तिशीचा, टंगमर्गजवळच्या गावचा. त्यानं स्की पायात अडकवायच्या आधी बर्फ हातात घेऊन दाखवला. सकाळी दहाला वरचा थर काचेइतका कडक, टाच मारली तर खण्ण आवाज यायचा. कारण रात्री सगळं गोठतं. बारा वाजता तोच थर रवाळ झाला, आणि दोनला त्यातून पाणी सुटायला लागलं. म्हणजे नवशिक्यासाठी चांगला बर्फ दिवसाला जेमतेम दीड-दोन तास, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ.

स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे वाकलेले, वजन पुढे. याला सगळे शिक्षक 'पिझ्झा' म्हणतात. "दीदी, पिझ्झा बनाओ, पिझ्झा!" मुलगी पटकन शिकली. नवऱ्यालाही जमलं. मी उतारापेक्षा उताराच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसांकडे जास्त बघत होते, कारण ते बघणं भाग होतं. शिकणाऱ्यांसाठी झेंडे लावून मोकळी ठेवलेली पट्टी लोक सरळ चालत ओलांडत होते. तिथंच बसून मॅगी खात होते, मुलांचे फोटो काढत होते. नवशिक्याला थांबता येत नाही, आणि खाली बसलेल्याला हे माहीत नसतं. दोनदा आमच्या शिक्षकानं आडवं जाऊन दुसऱ्याच कुणाच्या विद्यार्थ्याला कवेत पकडलं. बर्फ बघायला आलेल्या माणसाचा आनंद मला कळतो, पहिल्यांदा बर्फाला हात लावणाऱ्याचा तर फारच. पण ती पट्टी कशासाठी आहे एवढं एकदा गोंडोलातून उतरताना कुणीतरी सांगायला हवं, हिंदीत, मोठ्यानं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी : अफरवट

सकाळी आकाशाला दुधी पडदा. मुलगी म्हणाली, "आला." शिक्षकानंही वर बघून मान हलवली आणि दुसरा टप्पा आजच करून घ्या, उद्या वारा सुटला की तो बंद राहील, असं सांगितलं.

अफरवटला दार उघडल्याबरोबर गार हवा छातीत गेली. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं. पठारापासून इथवर तेराशे मीटरचा फरक, म्हणजे आठेक अंशांचा. खाली जो पाऊस होऊन पडला असेल तो इथं बर्फ होऊन पडला आणि राहिला. पायाखाली कोरडा, दाबला की कर्र वाजणारा बर्फ. स्वच्छ दिवशी इथून नंगा पर्वत दिसतो. आम्हाला ढग दिसले, एकावर एक चढत आलेले.

वर गर्दी फारच कमी, आणि जी होती ती वेगळी. फावडं आणि बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायचं यंत्र सोबत बांधलेले परदेशी स्कीयर, त्यांच्यासोबत काश्मिरी गाइड. स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त घालणारी, माणसं दोर लावलेल्या हद्दीवर उभी होती. गोंडोलाच्या खालचा उतार ते तपासतात आणि धोका वाटला तर बंद ठेवतात. त्याच्या बाहेरच्या दऱ्या कुणीच तपासलेल्या नसतात. मागच्याच वर्षी फेब्रुवारीत एका रशियन स्कीयरचा हिमस्खलनात मृत्यू झाला. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला सैन्याच्या प्रशिक्षण तुकडीवर बर्फ कोसळला तेव्हा १७ जवान गेले. शिक्षकानं हे सगळं दोराच्या अलीकडे उभं राहून सांगितलं. एक जाडसर पण जुना, कडक झालेला थर आणि त्यावर एकदम पडलेला खूप नवा बर्फ, हे त्याच्या मते सगळ्यात वाईट. कारण नवा थर जुन्याला नीट धरत नाही. पुढचे तीन दिवस नेमकं तेच होणार होतं.

आम्ही गोंडोलानंच खाली आलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पहिले कण पडले, ओले, कोटावर पडताच विरघळणारे. हॉटेलचा एक मुलगा अंगणात येऊन तळहात पसरून उभा राहिला.

बुधवार, २६ फेब्रुवारी : महाशिवरात्र

रात्रभर पडला. सकाळी गवत झाकलं गेलं होतं.

नागपूरची कितीतरी माणसं आज खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीला चौरागड चढत असतील. आम्ही टेकडीवरच्या शिवमंदिराकडे निघालो. १९१५ साली काश्मीरच्या महाराणीनं बांधलेलं ते लाकडी देऊळ मागच्या जूनमध्ये आगीत जळालं. लाल कळस ज्यांनी फोटोंत पाहिला असेल त्यांना ती टेकडी ओकी वाटेल. जाऊबाईंनी घरून आणलेला बेल खालीच, बर्फात उभं राहून वाहिला. काश्मिरी पंडितांची शिवरात्र, हेरथ, आदल्या दिवशीच असते, हे आमच्या सोबतच्या भाईंनी सांगितलं. लहानपणी शेजारच्या घरून अक्रोड यायचे म्हणाले. मग थोडं थांबून चालायला लागले.

दुपारी जोर वाढला. दुसरा टप्पा बंद, थोड्या वेळानं पहिलाही. उपवासाला राजगिऱ्याचे लाडू होते. नागपूरजवळच्या जामठ्याला आजपासून रणजीची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. सकाळी ३ बाद २४ ऐकून भाऊजी खोलीत गप्प बसले होते. मग दानिश मालेवार आणि करुण नायरनं २१५ धावांची भागी केली आणि खेळ थांबला तेव्हा ४ बाद २५४, मालेवार नाबाद १३८. आपला नागपूरचा पोरगा! भाऊजींनी हॉटेलच्या मॅनेजरलाही धावफलक दाखवला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बर्फ. सकाळी, दुपारी, रात्री बर्फ. वीज गेली, आली, पुन्हा गेली. बुखारीत लाकडं टाकत बसलो, कहवा प्यायलो. उतरत्या पत्र्याच्या छपरांवरून थर निसटून खाली कोसळले की भिंती हलायच्या. म्हणून छपराच्या कडेखालून चालू नका, असं सगळ्यांना बजावलं होतं. विदर्भाच्या ३७९ झाल्या.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी अंगणात काठी रोवली तर ती माझ्या कमरेपर्यंत बुडाली. हा बर्फ कालपरवाच्यासारखा नव्हता. हातात घेतला तर वजन नाही, फुंकर मारली तर उडणारा, भुसभुशीत. थंडी वाढली तसा तो कोरडा होत गेला होता. मुलगी सांगत होती, ताजा दहा सेंटिमीटर बर्फ वितळला तर साधारण एक सेंटिमीटर पाणी मिळतं. मला लगेच अचबलचा झरा आठवला. ड्रायव्हरांना फोन लावला. ते श्रीनगरला होते, तिथं पाऊस होता. "अल्लाह का शुक्र है," एवढंच दोनदा म्हणाले.

साखळ्या लावलेल्या आणि चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच टंगमर्गच्या वर सोडत होते. एका दिवसासाठी येणारी सगळी गर्दी खालीच थांबली. दुपारनंतर जोर ओसरल्यावर आम्ही बाहेर पडलो, तर रविवारी जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं फक्त रस्ता मोकळा करणारी माणसं आणि त्यांची यंत्रं. फावडी चालवणाऱ्यांपैकी दोघे रविवारचे स्लेजवालेच होते. आनंदात होते. "कल से काम है," एक म्हणाला.

त्याच दिवशी उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. चोपन्न माणसं अडकली, पुढे आठ दगावल्याचं कळलं. हाच विक्षोभ, हाच बर्फ. रात्री जेवताना कुणीच फार बोललं नाही. रस्ते मोकळे ठेवायला रात्रंदिवस बर्फात राहणारी ती माणसं होती.

शनिवार, १ मार्च : अखेर उतार

ऊन पडलं. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. ताजा बर्फ अंगावरचा बहुतेक सगळा उजेड परत फेकतो, त्यामुळे गॉगलशिवाय तासाभरात डोळे झोंबतात. जाऊबाईंना सुरुवातीला तो नको होता, नंतर त्यांनी तो जेवतानाही काढला नाही.

इतका भुसभुशीत बर्फ जाणकारांना स्वर्ग, पण नवशिक्याचे स्की त्यात रुततात. म्हणून पठारावरच्या शिकाऊ उतारावर पहाटेपासून स्नो बीटर फिरत होता, रुंद पट्ट्यांवरचं ते यंत्र बर्फ दाबून सारखा करत जातं. नऊ वाजता आम्ही तिथं होतो आणि माणसं मोजकीच. सोमवारी काचेवर जे जमत नव्हतं ते इथं जमलं. कडा बर्फात रुतते, वळण घेता येतं, पडलं तरी लागत नाही. मुलगी माणसाला दोरानं ओढून नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टनं वर जात होती आणि सलग वळणं घेत उतरत होती. मीही खालच्या अर्ध्या उतारावर पिझ्झा करत करत, कुणाला न धडकता, शिक्षकाच्या हाताशिवाय उतरले. वर अफरवटच्या बाजूनं सकाळी मोठे धमाके ऐकू आले. स्की पेट्रोल धोक्याचे थर मुद्दाम पाडत होतं. दुसरा टप्पा दिवसभर बंदच राहिला, आणि ते योग्यच होतं. खिडकीवर भांडणाऱ्या काही पाहुण्यांना ते पटत नव्हतं. पण वर तपासायला गेलेली माणसंही कुणाची तरी मुलं आहेत.

साडेअकराला गर्दी आली. टंगमर्गचा रस्ता उघडला होता, शनिवार होता, आणि गुलमर्गला बर्फ पडल्याचे व्हिडिओ रात्रीत सगळीकडे गेले होते. फरक एवढाच, की या वेळी बर्फ पठारभर होता. माणसं एका रांगेत कोंबली न जाता पसरली. स्लेज सरकत होत्या, ओढायला एकच माणूस पुरत होता. आमचे ते वयस्कर भाई दिसले, मागे गिऱ्हाईक बसवून घाईत चाललेले. हात केला, थांबायला वेळ नव्हता.

संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली, उद्यापासून रोजे. शिक्षक म्हणाला, महिनाभर रोजा ठेवून शिकवणार, हंगाम आधीच छोटा झालाय, एकही दिवस सोडता येत नाही. पुढे ढकललेल्या हिवाळी स्पर्धा नंतर ९ ते १२ मार्चला याच उतारांवर झाल्या.

रविवार, २ मार्च : परत

टंगमर्गला उतरताना समोरून वर येणाऱ्या गाड्यांची रांग संपतच नव्हती. एका पुलापाशी पाऊण तास थांबलो. ड्रायव्हरांचा पहिला रोजा, तरी त्यांनी आमच्यासाठी चहाला गाडी थांबवायची का म्हणून विचारलं. आम्ही नको म्हटलं.

दिल्लीला विमान बदलताना कळलं, सामना अनिर्णित आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ रणजी विजेता, तिसऱ्यांदा. भाऊजी विमानतळावरच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि शेजारचे दोन वर्धेकर सामील झाले.

पुढच्या हिवाळ्याचं तिथंच ठरलं. जाऊबाई जानेवारी म्हणत होत्या, चिल्लई कलांचा बर्फ बघायचा म्हणून. मुलीचं म्हणणं, तो पडेलच असं आता धरून चालता येत नाही. तेव्हा महिना कोणताही घ्या, पण गुलमर्गला सोमवार ते शुक्रवार सलग राहायचं, मधे दोन दिवस रिकामे ठेवायचे, आणि शनिवार-रविवार श्रीनगरात काढायचे. "आणि शिक्षक तोच," मी म्हटलं. "मोठे बाबा, तुम्ही पण स्की शिकाल न?" मुलीनं विचारलं. भाऊजी अजून धावफलकच बघत होते, पण हो म्हणाले.